मदत हवी आहे: रक्तातील ट्यूमर पेशींच्या रिपोर्टवरून उपचार बदलावेत का?

नमस्कार. माझ्या आईला स्तनाचा कर्करोग असून तो मणक्यात आणि यकृतात पसरलेला आहे. गाठ हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली) आहे. नाशिकमध्येच उपचार चालू आहेत: लेट्रोझोल (शरीरातील इस्ट्रोजेन हॉर्मोन कमी करणारे औषध) आणि रायबोसायक्लिब (कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे औषध) यांच्या गोळ्या, शिवाय हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन. मागच्या स्कॅनमध्ये आजार स्थिर होता, पाठदुखी कमी झाली आहे आणि आई पुन्हा ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटते.

नातेवाइकांच्या आग्रहावरून आम्ही एका खासगी लॅबमध्ये रक्तात फिरणाऱ्या ट्यूमर पेशींची तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये ७.५ मिलिलिटर रक्तात ८ पेशी असून शेजारी ठळक अक्षरांत 'प्रतिकूल' असे छापले आहे. आईने ते वाचले आणि "आता रक्तातही गेला का गं?" एवढेच विचारले. हा रक्ताचा कर्करोग नव्हे, मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी आहेत, हे मी सांगितले. पण तिच्या मनातली भीती गेलेली नाही.

पसरलेल्या स्तनकर्करोगात ५ किंवा त्याहून अधिक पेशी आढळलेल्या रुग्णांचे आयुर्मान सरासरीने कमी असते, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. मात्र केमोच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा चढाच राहिलेल्या स्त्रियांचे औषध लगेच बदलून त्यांचे आयुष्य वाढले नाही, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आढळले. त्या स्त्रिया केमोवर होत्या आणि आई हॉर्मोनच्या गोळ्यांवर आहे, त्यामुळे तो निष्कर्ष तिला कितपत लागू होतो, हाच माझा मुख्य प्रश्न आहे. शिवाय उपचार सुरू होण्यापूर्वी ही तपासणी केलेली नव्हती. मग ८ हा आकडा वाढून झाला की उतरून, हे कसे ठरवायचे?

डॉक्टरांनी गोळ्या बदलायला नकार दिला असून पुढच्या स्कॅनपर्यंत थांबायला सांगितले आहे. मलाही ते पटते, पण घरातले मुंबईला टाटामध्ये दाखवण्याचा आग्रह धरत आहेत. निव्वळ या रिपोर्टसाठी आईला कसाऱ्याच्या घाटातून प्रवास घडवावा, की कागदपत्रे घेऊन आधी मी एकटीने जावे? पेशी मोजण्याऐवजी रक्तातील ट्यूमरच्या डीएनएमध्ये पीआयके-थ्री-सीए किंवा ईएसआर-वन या जनुकांतील बदल शोधणारी तपासणी आजार स्थिर असतानाच करावी, की तो वाढल्यावर?

अशा गोळ्यांवर असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी आणि या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया लिहावे. असा रिपोर्ट घरच्या रुग्णाला कसा समजावून सांगितला, हेही सांगितले तर फार उपकार होतील.