बिस्बी (ॲरिझोना): तांब्याच्या जुन्या खाणगावात आईबाबांना नेताना

वाळवंटी: ऑक्टोबरात फीनिक्सहून बिस्बीला जायचंय. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि पाच वर्षांची मुलगी. सगळ्यांना खाणीत नेता येईल का?

डोंगरवाट: मुलीला नाही. क्वीन माइनमध्ये सहा वर्षांखालच्यांना घेत नाहीत, म्हणून दोन पाळ्या करा. आत बारा महिने साधारण ८ अंश, त्यामुळे बाहेर ऊन असलं तरी स्वेटर हवाच. छोट्या गाडीवर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना चढता-उतरतानाच त्रास होतो. तिकीट आधी काढा.

जुनी_वही: गाव सुमारे १,६९० मीटर उंचीवर, दरीच्या दोन्ही अंगांना घरं, वर जायला काँक्रीटचे जिने. चढामुळेच जुन्या भागात टपाल घरपोच येत नाही, लोक पोस्टात जाऊन घेतात. आजही गाठीभेटींची जागा तीच. आईबाबांना दम लागेल, मुक्काम खालच्या मुख्य रस्त्यालगत घ्या. ऑक्टोबरात जिने चढण्याची 'बिस्बी १०००' शर्यत असते; त्या शनिवार-रविवारी खोली आणि पार्किंग दोन्ही मिळणं कठीण.

डोंगरवाट: न चालता बघायचं तर लॅव्हेंडर पिट, म्हणजे तांब्याची जुनी उघडी खाण, हायवेच्या कडेलाच. संग्रहालय मात्र चुकवू नका, ते खाण कंपनीच्या १८९७ च्या कचेरीत आहे. १२ जुलै १९१७ ला हजाराहून अधिक संपकरी कामगारांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोत नेऊन सोडलं. संग्रहालयातला तो भाग नीट वाचा, घाईत उरकू नका.