पहिल्या कातड्यासाठी तुरटी : ‘चुकायला वावच नाही’?

सामूपट्टी : टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याचे कातडे केसांसह टिकवून साच्यावर चढवण्याची कला, शिकू पाहणाऱ्याने बोकडाचे पहिले कातडे तुरटीनेच कमवावे (कुजू नये असे करावे), कारण ती किराणा दुकानात मिळते आणि ‘चुकायला वावच नाही’, असे परवा येथे एका सदस्याने लिहिले, ते वाचून मला राहवले नाही. तुरटीतील ॲल्युमिनियम कातड्याच्या तंतूंना इतके सैल धरते की पाण्यात बराच वेळ राहिल्यास ते निघून जाते आणि वाळल्यावर हाती पापड उरतो. माझा पहिला पाळीव ससा असाच गेला: साच्यावर चढवण्यापूर्वी मी कातडे नळाखाली मनसोक्त धुतले आणि आठवड्याभरात त्याचे ओठ मागे सरकून दात दिसू लागले. लिटरभर पाण्यात सुमारे 120 ग्रॅम मीठ आणि 20-25 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात कातडे तीन दिवस ठेवावे, मग आतून तासून पातळ करावे, खाण्याच्या सोड्याने आम्ल मारावे आणि बाजारातील तयार सिंथेटिक टॅन (कातडे कमावण्याचे कृत्रिम रसायन) लावावे. मीठ मात्र विसरू नये, कारण नुसत्या आम्लात कातडे फुगते.

तुरटीवाला : तो सदस्य मीच. ससा तुम्ही धुऊन घालवलात आणि दोष तुरटीला? तुरटीच्या द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा ओतायचा असतो. एकदम ओतला की फेस बादलीबाहेर येतो. तुम्ही तो घातला होता का, हे सोयीस्करपणे सांगितलेले नाही.

बाभूळसाल : दोघेही रसायनांत अडकला आहात. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावले जाते. 2019 साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले त्यांचे ज्ञान आपल्याला ‘जुनाट’ वाटते आणि बाटलीवरचे लेबल तेवढे शास्त्र वाटते.

सामूपट्टी : त्या कारागिरांबद्दल मला आदरच आहे, परंतु ते कातडे चुन्यात टाकून त्याचे केस आधी काढतात आणि आपल्याला नेमके केसच टिकवायचे आहेत! शिवाय सालीने कातडे भरदार आणि ताठ होते. चपलेच्या तळव्याला ते उत्तम, प्राण्याच्या पापणीला नव्हे.

बाभूळसाल : चुन्याचा मुद्दा मान्य. पांढऱ्या शेळीवर मी हिरडा वापरला होता आणि लोखंडी घमेल्यामुळे तिच्या पाठीवर शाईसारखे निळे-काळे डाग पडले, हेही सांगून टाकतो. आता खूश?

डिकीतले कातडे : आपण सगळे पद्धतीवर भांडत आहात. मी मे महिन्यात खाटकाकडून कातडे घेतले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुचाकीच्या डिकीत ठेवले आणि तीन तासांनी घरी आलो. आम्लाचे प्रमाण काट्यावर मोजले होते, तरी दुसऱ्या दिवशी पोटाचे केस मुठीत आले. जिवाणू केसांच्या मुळाशी पोहोचले की कोणतेही टॅन उपयोगाचे नाही. मांस खरवडून लगेच, कातड्याच्या वजनाइतके मीठ चोळा, चोवीस तासांनी ओले मीठ झटका आणि नवे लावा.

तुरटीवाला : बिनआयोडिनचे मीठ घ्या, आयोडिनने डाग पडतात.

डिकीतले कातडे : हे कोठून आणलेत? दुकानातील मिठात आयोडिन दहा लाखांत 15 ते 30 भाग इतकेच असते, त्याने कसले डाग? डाग पडतात ते अर्धवट खरवडलेल्या चरबीचे. आयोडिनपेक्षा दाणा पाहा. जाडे मीठ कानाच्या आणि ओठांच्या घडीत शिरत नाही.

तुरटीवाला : मी पंधरा वर्षे जाडेच वापरतो.

सामूपट्टी : म्हणूनच आपल्या बोकडांचे कान आपण कधी दाखवत नाही.

तुरटीवाला : व्यक्तिगत होऊ नका.

रानवाट : मध्येच बोलतो, क्षमस्व. रस्त्यावर मेलेले मुंगूस सापडले आहे. त्यावर सुरुवात केली तर चालेल का?

डिकीतले कातडे : मुळीच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बाळगणेही अंगाशी येईल. वन विभागाला कळवा आणि आपण बोकडावर शिका.

तुरटीवाला : ससा धुण्याचा प्रकार सोडला, तर सामूपट्टी यांच्या एका मुद्द्यात तथ्य आहे: ओठ आणि पापण्या यांसाठी तुरटी मलाही कधी नीट साधली नाही. गालिच्यासारखे अंथरायचे कातडे मात्र मी तिच्यानेच कमावीन. रविवारी बोकडाचे कातडे येत आहे, यंदा डोक्याकडचा भाग आम्लात घालून पाहतो. मीठ बारीक आणले आहे. बिनआयोडिनचेच.