मदत हवी आहे: भाज्यांची नावं माहीत आहेत, पण विचारलं की आठवत नाहीत (वय ६)

मुलगी पहिलीत आहे. पालकसभेत बाई म्हणाल्या, हिचा शब्दसंग्रह कमी पडतोय. वर्गात प्रत्येकाला एका मिनिटात भाज्यांची नावं सांगायला लावली होती, हिने चारच सांगितली. तेव्हापासून मला चैन नाही.

घरी दोघा भावंडांना बसवून मिनिट लावलं. दादा दहा वर्षांचा, नाव-गाव-फळ-फूल खेळण्यात पटाईत. तो म्हणाला मेथी, पालक, शेपू, चुका, अंबाडी, जरा थांबला, मग दुधी, दोडका, पडवळ, कारलं, मग गवार, घेवडा वगैरे. एकूण 17. पालेभाज्या संपल्या की वेलींवरच्या, त्या संपल्या की शेंगा. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. धाकटी बटाटा, भेंडी, टोमॅटो, मटार एवढं बोलून छताकडे बघत बसली.

नंतर सहज विचारलं, "आजीबरोबर मंडईत जातेस, तेव्हा आजी काय काय घेते गं?" तर धडाधड मेथी, कोथिंबीर, अळू, लाल भोपळा आणि "ते माती लागलेलं सुरण"! डब्यात काय काय असतं म्हटल्यावर आणखी तीन.

थोडं वाचलं. लुकारिएलो आणि कॅथरीन नेल्सन या मानसशास्त्रज्ञांच्या 1985 च्या अभ्यासात लहान मुलांना 'न्याहारीला खायच्या वस्तू' अशा प्रसंगाला धरून केलेल्या याद्या नुसत्या 'खाद्यपदार्थ' यादीपेक्षा चांगल्या आठवल्या. त्याआधी 1969 मध्ये मोली, फ्लॅव्हेल वगैरेंनी चित्रं लक्षात ठेवायला दिली, तर दहा-अकरा वर्षांची मुलं आपणहून एका जातीची चित्रं एकत्र ठेवत होती. लहान मुलं तसं करत नव्हती, पण करायला सांगितलं की त्यांनाही जास्त आठवायचं.

मग हे वयाचंच आहे का? गट पाडायला आत्ताच शिकवू, की आपोआप येईल? शिक्षक किंवा स्पीच थेरपिस्ट कुणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी 26 वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. या वयात हे नेहमी दिसतं. 'प्राणी सांग' म्हटलं की मूल अडतं, 'गोठ्यात कोण कोण असतं' म्हटलं की सुरू होतं. चित्रं दाखवून बघा. चित्र पाहून नाव आलं तर शब्द आहे, फक्त मिनिटात सापडत नाही. ओळखीच्या वस्तूचं चित्र बघूनही अडत असेल, किंवा रोजच्या बोलण्यात सारखं 'ते, ते' म्हणत असेल, तर मात्र थेरपिस्टना दाखवा, थांबू नका. गट पाडून घ्या, पण मंडईतून आणलेली पिशवी निवडताना. पाठांतर नको. आणि एक विचारते, बाईंनी कुठल्या भाषेत विचारलं होतं?

धागाकर्ती:
इंग्रजीत! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता 24 चित्रं दाखवली. मराठीत 22 सांगितली, इंग्रजीत 9. अळूचं पान बघून तर "वडी!" म्हणून ओरडली. बोलताना कधी अडत नाही. उद्या शाळेत जातेय. बाईंना न दुखावता हे कसं मांडू?