सोर ह्वाना पारितोषिकाची यादी धरून वाचावं का? आणि सुरुवात कुठल्या कादंबरीपासून?

नौपाड्याची वाचक:
नमस्कार. ठाण्यात नौपाड्याला आमचा बायकांचा छोटा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका शनिवारी जमतो. आत्मचरित्रं खूप झाली, आता कादंबऱ्यांकडे वळायचंय, त्याही जरा लांबच्या मुलखातल्या. माझी भाची स्पॅनिश शिकते. तिने सुचवलं की मेक्सिकोत ग्वादालाहाराला मोठा पुस्तक मेळा भरतो, तिथं स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या बाईच्या कादंबरीला सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस यांच्या नावाचं पारितोषिक देतात, त्याची यादी धरून वाचा.

मला कल्पना एकदम पटली, पण कट्ट्यावर दोन तट पडले. आमच्यातल्या एक ताई बँकेतून निवृत्त झाल्यात, जन्मभर ठाणे ते सीएसएमटी केलंय. त्या म्हणाल्या, "हे लेडीज डब्यासारखं झालं. पुस्तक चांगलं असलं म्हणजे झालं, बाईचं की बुवाचं कशाला बघायचं?" त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही, कारण कट्ट्यावर त्यांच्याइतकं कसून कुणी वाचत नाही. समासात पेन्सिलीच्या खुणा, मागच्या कोऱ्या पानावर पात्रांची नावं आणि नाती, असं सगळं करून येतात.

तर यादी भरवशाची आहे का? इंग्रजीत काय काय मिळेल? पहिलंच पुस्तक फार अवघड निघालं तर दोघीतिघी गळतील, तेवढं सांभाळून सुचवा.

खारघरहून:
ताई, यादी बिनधास्त धरा. मी स्पॅनिशमधून यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करून पोट भरते आणि कादंबऱ्या स्वतःसाठी वाचते. काय वाचायचं ते बरंचसं या यादीवरूनच ठरवते.

पारितोषिक १९९३ पासून आहे, रक्कम १०,००० डॉलर. ते हस्तलिखिताला नाही, छापून आलेल्या कादंबरीला मिळतं, आणि मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते. स्पॅनिश वीसेक देशांची भाषा आहे, पण उरुग्वेत माँटेव्हिडिओला निघालेलं पुस्तक मेक्सिको सिटीच्या दुकानात आपसूक पोचत नाही. छोट्या प्रकाशकाची आवृत्ती बहुतेक वेळा आपल्याच देशात संपते. ग्वादालाहाराच्या मेळ्यात नोव्हेंबरअखेरीस या सगळ्या देशांतले प्रकाशक, ग्रंथपाल आणि भाषांतराचे हक्क घेणारे एकत्र येतात (२०१९ला भारत तिथे पाहुणा देश होता). त्या गर्दीसमोर एका कादंबरीचं नाव पुकारलं गेलं की ती सरहद्दी ओलांडते.

सुरुवात फर्नांदा त्रियासपासून करा. ती उरुग्वेची, २०२१ची विजेती, इंग्रजीत 'पिंक स्लाइम' या नावाने मिळेल. समुद्राकाठचं एक शहर, पाण्यात विषारी शेवाळ माजलंय, लाल वारा सुटला की दारं-खिडक्या बंद करून बसायचं. त्यात एक बाई एका आजारी मुलाला सांभाळते. त्याची भूक कधी भागतच नाही, म्हणून खाण्याच्या वस्तू कुलपात ठेवाव्या लागतात. करोनाच्या आधी लिहिलेली आहे, वाचताना विश्वास बसत नाही. भाषा साधी आहे, कुणी गळणार नाही.

नंतर क्रिस्तिना रिवेरा गार्साची 'नो वन विल सी मी क्राय'. माझी सगळ्यांत लाडकी. मेक्सिको सिटीत ला कास्तान्येदा नावाचं मोठं वेड्यांचं इस्पितळ होतं, १९१०ला उघडलेलं. तिथल्या रुग्णांचे फोटो काढणारा एक मॉर्फिनच्या आहारी गेलेला माणूस आणि मातिल्दा नावाची एक रुग्ण. फोटोसाठी बसवलं तर तीच उलट त्याला विचारते की माणूस वेड्यांचे फोटो काढणारा होतो तरी कसा! तिला आधी कुठंतरी पाहिलंय हे त्याला आठवतं, आणि तिथून तो तिची फाइल शोधायला लागतो. रिवेरा गार्सा इतिहासाची अभ्यासक, त्या इस्पितळाची जुनी दप्तरं तिने स्वतः चाळलेली. ते पानापानांत जाणवतं. हे पारितोषिक तिला दोनदा मिळालं, २००१ आणि २००९, आणि २०२४ला तिच्या आठवणींच्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. हिच्यासाठी दोन शनिवार ठेवा.

चिलीच्या लीना मेरुआनेची 'सीइंग रेड' (२०१२) तिसरी ठेवा. अंगाने लहान, पण दम लागतो. न्यूयॉर्कमधल्या पार्टीत एका लेखिकेच्या डोळ्यांत रक्तस्राव होतो आणि दिसायचं बंद होतं. नायिका गरीब बिचारी मुळीच नाही, चिडते, ओरबाडून घेते. कट्ट्यावर यावरून भांडण होईल आणि ते व्हायलाच हवं.

घोडबंदरवासी:
पुस्तकं उत्तम सुचवलीत, पण त्या बँकेतल्या ताईंच्या बाजूने बोलतो. बायकांसाठी वेगळी सोय केली की मोठ्या पारितोषिकांवरचा दबाव उतरतो. स्पॅनिशचं सर्वोच्च पारितोषिक सेर्वांतेस, १९७६ला सुरू झालं. १९८८ला मारिया साम्ब्रानो, १९९२ला दुल्से मारिया लोइनास. आणि १९९३ला तुमचं हे पारितोषिक सुरू झाल्यावर? पुढची बाई थेट २०१०ला, आना मारिया मातुते. मधली सतरा वर्षं कोरडी. आपल्याकडेही बघा. मराठीला ज्ञानपीठ चारदा मिळालं, खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. चारही पुरुष. झगडायचं ते तिथे, वेगळ्या मांडवात नाही.

खारघरहून:
दादा, आकडे बरोबर आहेत. पण दोन्हींची कामं वेगळी. सेर्वांतेस आयुष्यभराच्या लेखनाला, त्यामुळे बहुतेक उतारवयात मिळतं. मेरुआनेला हे मिळालं तेव्हा ती बेचाळिशीची होती, पुढची पुस्तकं लिहायची होती. ज्या वयात संपादकाचा फोन यायला हवा त्या वयात तो आणणारं पारितोषिक आहे हे. स्पॅनिशला साहित्याची ११ नोबेल, त्यात बाई एकच, गाब्रिएला मिस्त्राल, १९४५. तिथवर पोचायचा रस्ता कुणीतरी आधी करायला नको का? लेडीज डबा त्याच गाडीला असतो आणि त्याच स्टेशनात पोचतो.

आणि हे नाव कुणाचं ते कट्ट्यावर जरूर सांगा. सोर ह्वाना सतराव्या शतकातली मेक्सिकोची ख्रिस्ती जोगीण (नन) आणि कवयित्री. लहानपणी अभ्यासाची मुदत ठरवून ती आपले केस कापायची. केस वाढेपर्यंत ठरवलेलं शिकून झालं नाही की पुन्हा कात्री, कारण आत काही नसलेल्या डोक्याला केसांची शोभा कशाला, असं तिचं म्हणणं. हे तिने स्वतः एका पत्रात लिहिलंय, १६९१ साली. ते पत्र कुणाला? मेक्सिकोतल्याच पुएब्ला शहराच्या बिशपने 'सोर फिलोतेआ' असं जोगिणीचं नाव घेऊन तिला उपदेश केला होता की हे ऐहिक वाचन-लेखन पुरे, धर्मग्रंथात लक्ष घाल. एका पुरुषाने बाईचं नाव लावून बाईला लिहिणं थांबवायला सांगितलं, आणि तिने त्याच नावाला उत्तर देत बायकांच्या शिकण्याची बाजू मांडली.

२०२१ला स्पेनमध्ये दहा लाख युरोंचं प्लानेता पारितोषिक कार्मेन मोला नावाच्या लेखिकेला जाहीर झालं, आणि मंचावर तीन पुरुष चढले. तिघे मिळून बाईच्या नावाने लिहीत होते. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला होता, अजून आहे. आपल्याकडे विभावरी शिरूरकर हे टोपणनाव बाईला घ्यावं लागलं ते १९३३च्या समाजात खरं लिहायची सोय नव्हती म्हणून. नाव लपवण्यात किती फरक!

बाई कुणाला म्हणायचं, यातही हे पारितोषिक कोतं नाही. २०२०ला ते कामिला सोसा विय्यादाला मिळालं. ती अर्जेंटिनाची, हे मिळवणारी पहिली ट्रान्स स्त्री. इंग्रजीत 'बॅड गर्ल्स'. कोर्दोबातल्या एका बागेत रात्री धंद्याला उभ्या राहणाऱ्या ट्रान्स बायकांना झुडपात टाकून दिलेलं तान्हं बाळ सापडतं आणि त्या ते वाढवायला घेतात. सांभाळून वाचा, मारझोडीची वर्णनं कठीण आहेत.

घोडबंदरवासी:
सोर फिलोतेआची हकिगत माहीत नव्हती. सेर्वांतेसबद्दलचं माझं मत कायम आहे, पण 'नो वन विल सी मी क्राय' मागवतो.

नौपाड्याची वाचक:
दोघांचेही मनापासून आभार. हा सगळा धागा मी आमच्या ताईंना वाचून दाखवला. सतरा वर्षांचा मुद्दा त्यांनी लगेच वहीत उतरवून घेतला, आणि मग म्हणाल्या की पत्र लिहिणारी ती बाई कोण, तिचं काही वाचायला मिळेल का ते आधी बघा. म्हणजे तट अजून आहेतच, पण 'पिंक स्लाइम' ठरलं. दोन प्रती घेऊन आळीपाळीने फिरवू. खारघरच्या ताई, सोर ह्वानाचं ते पत्र इंग्रजीत अख्खं मिळतं का, आणि एका बैठकीत मोठ्याने वाचण्याजोगं आहे का? आमच्यातल्या एकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यांना त्या महिन्यात ऐकूनच घ्यावं लागेल.

खारघरहून:
मिळतं. अख्खं पत्र एका बैठकीत जड जाईल, पण लहानपणाचा आणि स्वयंपाकघराचा भाग निवडा. अंडं तुपात तळताना कसं धरतं आणि पाकात कसं विरतं हे बघत बघत ती निसर्गाचा विचार करते, आणि लिहिते की अ‍ॅरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर आणखी कितीतरी लिहिलं असतं. तेवढा भाग अर्ध्या तासात वाचून होईल.