अनुभव धागा : गळणारी गच्ची, तापणारे छप्पर. कोबा, रंग, पत्रा की कौले?

छपराचे काम काढायचे ठरले की प्रत्येक कारागीर आपल्याकडचा उपाय हाच एकमेव उपाय असल्याचे सांगतो. कोबा (स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा मसाला यांचा जाड थर) करणारा रंगाला नावे ठेवतो, रंगवाला कोब्याला, आणि पत्रेवाला दोघांनाही. म्हणून येथे त्या छपराखाली राहणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत. घर कोणत्या भागात आहे, बांधकाम किती जुने आहे, कोणते पर्याय पाहिले आणि त्यांतला एखादा का नाकारला, हे अवश्य लिहावे. नुसत्या दराच्या आकड्याचा दुसऱ्या गावातल्या माणसाला फारसा उपयोग होत नाही.

सुरुवात मीच करतो.

पुणे, दुमजली बंगला

आमचा स्लॅब तीसेक वर्षांचा असून त्यावर विटांच्या तुकड्यांचा मूळचा कोबा होता. जुन्यावरच नवा कोबा घालू, तोडफोडीचा खर्च वाचेल, असे पहिल्या ठेकेदाराने सुचवले. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरते, तर वावर असलेल्या गच्चीवर माणसे आणि सामान यांचा म्हणून भारतीय मानकात धरलेला भार साधारण 150 किलोचा असतो. म्हणजे दुसरा कोबा हा गच्चीवर कायमची भरवून ठेवलेली सभाच ठरली असती. स्ट्रक्चरल इंजिनियरने अर्थातच नकार दिला. रासायनिक रंगाचाही विचार केला होता. पण ॲक्रिलिक रंगाला साचलेले पाणी मानवत नाही आणि आमच्या गच्चीवर एका कोपऱ्यात डबके हमखास व्हायचे. उतारच नसेल तर वरून काय लावले, याला अर्थ राहत नाही.

जुना कोबा काढल्यावर दिसले की पाणी मुख्यतः पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, सांध्यातून आणि पावसाळी पाइपाच्या तोंडाशी मुरत होते. तिथे आधी भेगा भरून घेतल्या, भिंत आणि स्लॅब यांच्या कोनात मसाल्याची गोलाई (वाटा) काढली आणि मग मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवून नवा कोबा केला. विटांचे तुकडे भिजवून घेतात की नाही, यावर मात्र स्वतः उभे राहून लक्ष ठेवावे, कारण कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि मसाला कच्चा राहतो. शेवटी पाइपाचे तोंड बंद करून गच्चीवर 48 तास पाणी साठवले. ‘पाऊस आला की कळेलच’ असे ठेकेदार म्हणत होता. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा, असे कागदावर असल्याने तो वाद लांबला नाही.

ठाणे, सोसायटीतला शेवटचा मजला

गच्ची सामाईक असल्यामुळे तिच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, असे गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) स्पष्ट आहे. तरीही खालच्या मजल्यांचे सभासद सभेत कुरकुर करतात. आमच्याकडे पत्र्याच्या शेडचा आग्रह होता. शेडमुळे स्लॅब कोरडा राहतो, हे खरे. पण पालिकेची परवानगी, वाऱ्याने उचलले जाण्याचा धोका आणि पुढे सौर पॅनेल बसवायचे झाल्यास होणारी अडचण, हे सारे मांडल्यावर मत बदलले. उतार ठीक असल्याने सांधे भरून, फायबर जाळी घालून रंगाचे थर दिले. हा उपाय काही वर्षांनी पुन्हा करावा लागणार, हे गृहीत धरून निधी बाजूला ठेवतो.

नागपूर

आमच्याकडे गळतीपेक्षा मे महिन्यातले 45 अंश हा प्रश्न मोठा. चुन्याची सफेदी सर्वांत स्वस्त. वरच्या खोलीत तिचा फरक जाणवतो, पण पावसात ती धुऊन जाते आणि दर उन्हाळ्याला पुन्हा हात मारावा लागतो. आम्ही शेवटी सौर पॅनेल बसवले, कारण वीज आणि सावली दोन्ही मिळतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नये : आधी गच्चीचे जलरोधन, मग पॅनेल. स्टँड स्लॅबला भोके पाडून बसवण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, वाऱ्याचा हिशेब करून उभे करता येतात.

दापोली, कौलारू घर

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि वानरांचा रोजचा राबता. दरवर्षीची शाकारणी करायला माणसे मिळेनाशी झाल्यावर सगळी कौले उतरवून रंगीत पत्रे घालावेत, असे घरातल्या तरुणांचे मत पडले. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि आषाढात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, हे ज्येष्ठांचे म्हणणे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने कौलेही फोडली आणि पत्रेही उडवले, त्यामुळे मजबुतीचा मुद्दा कोणाच्याच बाजूने गेला नाही. अखेर माजघरावर खाली पत्रा आणि वर रीपा (लाकडी पट्ट्या) मारून कौले, तर पडवीवर नुसता पत्रा, असे केले. आता कौल फुटले तरी पाणी आत येत नाही. यात छपराचे वजन वाढते, म्हणून आधी वासे ठोकून पाहिले आणि वाळवीने पोकळ झालेले बदलले. पत्र्याचे स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह मारून घ्यावेत. खळग्यात मारले तर पाणी नेमके तिथूनच शिरते.

फोंडा, गोवा

आमच्या आळीत स्लॅबवर पत्र्याचे छप्पर सर्रास आहे. त्याखाली कपडे वाळतात, सोलांना (आमसुलांना) ऊन देऊन झाले की तीही तिथेच राहतात. आम्हाला याहून वेगळे काही करावेसे वाटले नाही.

नाशिक, गच्चीवरील बाग

वरचा वजनाचा हिशेब बागेलाही लागू आहे. एक फूट खोल ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास जाते, म्हणून सलग वाफे आम्ही नाकारले. बीम आणि भिंती यांच्या रेषेत तिवया ठेवून त्यांवर कुंड्या मांडल्या, जेणेकरून खालची फरशी झाडता येते आणि ओल कुठे धरली आहे ते दिसते. मातीत कोकोपीट, शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळल्याने भार बराच कमी होतो. मेथी-पालकाला सहा इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला फूटभर हवी. पॅरापेटच्या फटीत उगवलेला पिंपळ मात्र दोन पानांचा असतानाच मुळासकट उपटावा. नुसता छाटला तर तो पुन्हा फुटतो आणि भिंत उकलतो.