मदत हवी आहे : गेंडा भुंग्याचं आखूड शिंग

फोंड्याला बारावीच्या मुलांकडून माडावरच्या गेंडा भुंग्यांवर प्रकल्प करून घेतेय. भुंगे शेणखताच्या खड्ड्यातले. शिंग नर-मादी दोघांनाही असतं, म्हणून पोटाच्या टोकावरची दाट तांबूस लव बघून माद्या वेगळ्या काढल्या. तरी काही नरांचं शिंग मादीइतकंच आखूड! डबलसेक्स या, कीटकांत नर-मादीतले फरक घडवणाऱ्या जनुकाचा नरात आणि मादीत वेगळा आरएनए बनतो, आणि ऑन्थोफॅगस टॉरस या शेणकिड्यात अळीला खाणं कमी पडलं की नर जवळपास बिनशिंगी राहतो, एवढं वाचलंय. जनुकीय चाचणी आवाक्याबाहेर, अळ्या वाढवायला वेळ नाही. हाताशी फक्त व्हर्नियर कॅलिपर. शिंगाची लांबी छातीच्या रुंदीशी ताडून बघावी की पंखकवचाच्या लांबीशी? आणि गेंडा भुंग्यातही तसा उंबरठा (म्हणजे अंग ठरावीक आकाराच्या पुढे गेलं की शिंग एकदम लांब होणं) दिसतो, की शिंग अंगाबरोबर सरळ वाढत जातं?