समुद्रावर सापडलेली शिशाची वजनं सांगलीत कुठे विकावीत?

डिटेक्टरवाला_सांगली
नमस्कार मंडळी. दोन वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन गुहागर, आरे-वारेच्या किनाऱ्यावर जातोय. ओहोटीला खडकांपाशी गळाची तुटलेली वजनं भरपूर मिळतात. साडेचार किलो शिसं साठलंय. भंगारवाला सरसकट किलोवर मागतोय, पण जीव होत नाही. वितळवून छोटी करून विकावीत का?

हरिपूरकर
भंगारात घालू नका. तुमची १०० ग्रॅमची वजनं लाटांसाठी ओतलेली, ती तिकडच्याच गळवाल्यांना द्या. आमच्या संगमावर उन्हाळ्यात कृष्णा संथ असते, २०-३० ग्रॅम पुरतं. तेवढी छोटी निवडा, काट्यावर तोला, दहा-दहाच्या पुड्या बांधून वर ग्रॅम लिहा. निम्म्या दरात लोक आनंदानं घेतात. पण कडी बघा हं! खाऱ्या पाण्यानं तार आतून खाल्लेली असते, वरून चांगली दिसते. मी पकडीनं एक हिसका देतो. तुटली तर ते वजन पुडीत जात नाही.

कराडची_ताई
दादा, वितळवायचं डोक्यातून काढा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवरही होतं, आणि तिथंच घात होतो. माझ्या दिरांनी परसात करून पाहिलं. एका वजनाच्या भोकात ओली वाळू राहिली होती. पाण्याची वाफ झाली आणि सगळं शिसं उसळून अंगावर आलं. मनगटावरचा डाग अजून आहे. आणि धूर? शिसं अंगात साठत जातं, लहान मुलांच्या मेंदूला तर फार वाईट. वजनांवरची पांढरी पूडसुद्धा विषारीच, ती कोरडी घासू नका. हातमोजे घालून पाण्यात बुडवूनच ब्रश फिरवा, आणि स्वयंपाकघरातलं भांडं घेऊ नका.

वाईचा_वकील
विषय थोडा वेगळा, पण सांगतो. जुनं नाणं किंवा दागिना निघाला तर परस्पर विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

डिटेक्टरवाला_सांगली
ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि पिशवी त्याच्या खेळण्यांच्या कपाटाखाली होती. वाचल्या वाचल्या उचलून गच्चीवर झाकणाच्या डब्यात ठेवली, फरशीही ओल्या फडक्यानं पुसली. हरिपूरकर, छोटी निवडली, ६३ भरली. हिसका देऊन ४१ उरली. रविवारी सकाळी संगमावर घेऊन येतो.